काळ्या डागात फुलपाखरू

माझ्या टेबलावर गेले तीन महिने एक जाडजूड पुस्तक पडून आहे. वर पिवळं मुखपृष्ठ आणि त्यावर रक्ताचा एक थेंब. आतल्या प्रत्येक पानावर चित्रांच्या चौकटी. ते पाहून माझ्या खोलीत येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "तू अजून कॉमिक वाचतोस?" या 'अजून'मध्ये सगळं येतं. शाळा संपली, मिसरूड फुटलं, काही महिन्यांत खांद्यावर तारे लागणार, आणि हा गडी अजून सुपरहिरोंच्या गोष्टी वाचतोय!

घरी फोनवर आईला पुस्तकाचं नाव सांगितलं तेव्हा तिचा वेगळाच गोंधळ झाला. पुस्तकाचं नाव 'वॉचमेन'. आई म्हणाली, "वॉचमनवर एवढं मोठं पुस्तक? पुण्याच्या काकूंच्या सोसायटीत असतो तसा?" मी हसलो. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, आईचं फारसं चुकलेलं नाही. हे पुस्तक राखण करणाऱ्यांबद्दलच आहे. रात्री सगळे झोपलेले असताना जागं राहण्याचं काम जे अंगावर घेतात, त्यांच्या मनाचं काय होतं, हा त्याचा विषय. आपण सगळे इथे चेन्नईत, सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी, त्याच कामाचं शिक्षण घ्यायला आलो आहोत. म्हणूनच हे पुस्तक आपल्यातल्या प्रत्येकाने वाचावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी पुस्तकाची ओळख. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स, दोघेही इंग्लंडचे. 1986 आणि 1987 या वर्षांत अमेरिकेत ही कथा बारा अंकांमध्ये छापली गेली आणि पुढे तिचं एक पुस्तक झालं. 1988 साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. 2005 साली 'टाइम' साप्ताहिकाने 1923 नंतरच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली, तीत हे चित्रांचं पुस्तक होतं. कथा घडते 1985 सालच्या एका कल्पित अमेरिकेत. तिथे मुखवटे घालून गुन्हेगारांशी लढणारी माणसं खरोखरच होऊन गेली आहेत. सरकारने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली आहे. काही निवृत्त झाले, काही सरकारी नोकरीत शिरले, एक जण कायदा झुगारून रात्री हिंडतो. अशातच त्यांच्यातल्या एका जुन्या साथीदाराचा खून होतो आणि गोष्ट सुरू होते.

मी हे पुस्तक एका रविवारी लिबर्टीवर गेलो असताना सेंट्रल स्टेशनाजवळच्या मूर मार्केटमध्ये, जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलं. खरं सांगायचं तर सैनिकी इतिहासाचं एखादं पुस्तक शोधायला गेलो होतो. परतीच्या लोकलमध्ये सहज चाळायला घेतलं आणि माउंट स्टेशन आलेलं कळलंच नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून धावत यावं लागलं. ती धाव माझ्या आयुष्यातली सर्वांत वेगवान धाव असावी.

चित्रकथा म्हणजे पोरखेळ, ही समजूत मराठी घरात तरी असू नये. आपल्या आईवडिलांच्या पिढीने 'चांदोबा' वाचला आहे. तो 'चांदोबा' याच शहरातून निघायचा. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये मद्रासमध्ये 'चंदामामा' सुरू केला आणि 1952 पासून त्याची मराठी आवृत्ती घरोघरी जाऊ लागली. वडपळणीला त्यांचं ऑफिस आणि छापखाना होता. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेऊन चाललेला विक्रम राजा ज्यांनी काढला ते चित्रकार शंकर याच शहरात राहिले आणि 2020 साली, वयाच्या नव्वदीनंतर गेले. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात माझ्या आजोबांनी पेटीत जपून ठेवलेले अंक या शहरातून आलेले होते, हे मला इथे आल्यावर कळलं.

दुसरा वेताळ 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये ही मालिका सुरू केली आणि ली फॉकचा फँटम मराठीत 'वेताळ' झाला. जंगलातली कवटीच्या आकाराची गुहा आणि अंगठीची खूण हे माझ्या वडिलांना आजही तोंडपाठ आहे. गंमत अशी की, इंद्रजालातला वेताळ नायक होता आणि चांदोबातला वेताळ भूत. पण मनाला कामाला लावायचा तो चांदोबातलाच. तो गोष्ट सांगायचा, शेवटी पेच टाकायचा आणि राजाला बजावायचा की, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. इंद्रजालातल्या वेताळाला असा पेच कधी पडत नसे. तो यायचा, ठोसा मारायचा, निघून जायचा. 'वॉचमेन' वाचताना मला वाटलं, या पुस्तकात हे दोन्ही वेताळ एकत्र आले आहेत. अंगावर नायकाचा पोशाख आहे आणि पाठीवर प्रश्न विचारणारं भूत.

मोठ्यांच्या साहित्यातही आपण हे पाहिलं आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या थोरामोठ्यांना देव्हाऱ्यातून खाली आणून माणूस म्हणून समोर बसवलं. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं. त्यामुळे आपल्या मनातला भीष्म किंवा कर्ण लहान झाला का? उलट जवळ आला. ज्या घरात 'मृत्युंजय' मानाने कपाटात उभी आहे, त्या घराने 'वॉचमेन'ला नाकं मुरडण्याचं कारण नाही. सुपरहिरो ही अमेरिकेची पुराणकथा. मूर आणि गिबन्स यांनी त्या पुराणकथेचं 'युगान्त' केलं, असं म्हटलं तर मराठी वाचकाला पुस्तकाची जात लगेच कळेल.

आता मुद्द्याची गोष्ट. पुस्तकातला जो नायक कायदा झुगारून रात्री हिंडतो, त्याचं नाव रोर्शाक. त्याच्या पांढऱ्या मुखवट्यावर काळे डाग सतत आकार बदलत असतात. हे नाव एका खऱ्या डॉक्टरांचं. हर्मान रोर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1921 साली शाईच्या डागांची चाचणी प्रसिद्ध केली. कागदावरचा डाग दाखवायचा, काय दिसतं ते विचारायचं आणि उत्तरावरून मनाचा अंदाज घ्यायचा. कथेच्या पाचव्या भागाच्या शेवटी हा रोर्शाक पकडला जातो आणि सहाव्या भागात तुरुंगात एक मानसोपचारतज्ज्ञ त्याच्यापुढे तेच शाईचे डाग ठेवतो. पहिल्या डागात रोर्शाकला एक भयंकर दृश्य दिसतं. पण तो शांतपणे उत्तर देतो की, सुंदर फुलपाखरू दिसतंय. दुसऱ्या डागात त्याला फुलं दिसतात. डॉक्टर खूश! त्याला वाटतं, पेशंट सुधारतोय.

या पानावर मी थांबलो. कारण हे मी केलं आहे. आणि वाचक मित्रा, बहुतेक तूही केलं आहेस.

एस.एस.बी.चा दुसरा दिवस आठवा. पडद्यावर एकामागून एक चित्रं येतात. अकरा चित्रं आणि बारावा पडदा कोरा. प्रत्येक चित्र तीस सेकंद पाहायचं आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. ही चाचणी मुळात 1930 च्या दशकात हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी तयार केली. धूसर चित्र पाहून माणूस गोष्ट रचतो तेव्हा त्यात स्वतःचं मन ओततो, ही त्यामागची कल्पना. मग साठ शब्द, एकेका शब्दाला पंधरा सेकंद. मग साठ प्रसंग, अर्धा तास.

पहिल्या खेपेला मी कोचिंग क्लासमधून पक्का तयार होऊन गेलो होतो. माझ्या बाराही गोष्टींत नायक धाडसी होता. त्याने पुरातून गाव वाचवलं, बुडणाऱ्या मुलीला बाहेर काढलं, रक्तदान शिबिर भरवलं आणि शेवटी कलेक्टरच्या हस्ते सत्कार स्वीकारला. एकाही गोष्टीत कोणी घाबरलं नाही, कोणी चुकलं नाही, कोणाला घरची आठवण आली नाही. 'भीती' हा शब्द आला तेव्हा मी लिहिलं की, भीतीवर मात केल्याने यश मिळते. थोडक्यात, समोर आलेल्या प्रत्येक काळ्या डागात मी फुलपाखरू पाहिलं. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली आणि माझा चेस्ट नंबर पुकारला गेला नाही. परतीच्या गाडीत मी सगळ्यांना दोष दिला. आज वाटतं, समोरच्या माणसाला माझ्या कागदावर मी कुठे सापडलोच नव्हतो. दुसऱ्या खेपेला क्लासची वही घरी ठेवून गेलो आणि जे दिसलं ते लिहिलं. एका गोष्टीतला मुलगा तर चक्क शर्यत हरून रडला होता.

निवड झाली म्हणून फुलपाखरं संपली, असं मात्र नाही. इथे आल्यावर पुन्हा तोच खेळ सुरू होतो. उस्ताद विचारतात, "थक गए?" उत्तर ठरलेलं. घरचे विचारतात, "जमतंय ना?" उत्तर ठरलेलं. गुडघा सुजलेला असतो, बापाचं आजारपण डोक्यात घोळत असतं, रात्री झोप लागत नसते, पण उत्तर एकच: "एकदम फर्स्ट क्लास." मैदानावर हे उत्तर बरोबरच आहे. रगड्याच्या वेळी कोणी मनाची कैफियत मांडू नये. पण हीच सवय मैदानाबाहेर, आयुष्यभर लागली तर काय होतं, ते या पुस्तकात उलगडत जातं. रोर्शाक एका लहान मुलीच्या अपहरणाचा छडा लावायला जातो, तिथे उशीर झालेला असतो, आणि त्या रात्रीपासून त्याला मुखवटा हाच आपला चेहरा वाटू लागतो. लेखक त्याला माफ करत नाही आणि त्याची टिंगलही करत नाही. तो फक्त दाखवतो की, हा माणूस कसा घडला. आणि त्याचं ऐकणारा डॉक्टरही शेवटी आतून हलतो. त्याची झोप उडते, घरात वाद सुरू होतात. ऐकण्यालाही किंमत मोजावी लागते, हे इतक्या नेमकेपणाने मी तरी दुसरीकडे वाचलं नव्हतं.

इथे मला घरची एक गोष्ट सांगायची आहे. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. 1987 साली श्रीलंकेत शांतिसेना गेली, त्यात ते होते. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान कामी आले. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे आप्पांचं कोणाला फार अप्रूप नाही. लहानपणापासून मी एक पाहत आलो. दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं, अंगणात फटाके सुरू झाले की आप्पा उठून गोठ्यात जाऊन बसायचे. घरातले म्हणायचे, "आप्पांचं जनावरांवर भारी प्रेम." आम्ही पोरं ते खरं मानायचो.

तो सहावा भाग वाचून झाल्यावरच्या रविवारी मी आप्पांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आप्पा, लक्ष्मीपूजनाला तुम्ही गोठ्यात का जाऊन बसता?"

आप्पा म्हणाले, "जनावरं बुजत्यात फटाक्यानं. कुनीतरी नको का जवळ?"

मी बरं म्हणून फोन ठेवला. दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. आप्पा आपणहून कधी फोन करत नाहीत. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाले, "त्या दिशी इचारलंस न्हवं तू. जनावरं न्हाय बुजत रं. मीच बुजतो."

मग पंधरा-वीस मिनिटं ते बोलले. ते काय बोलले ते इथे छापणार नाही, ते त्यांचं आहे. फक्त एक वाक्य सांगतो. म्हणाले, "पलीकडनं परत आलो तवा पयलं पाऊल मद्रासच्या बंदरात टाकलं हुतं. तू तिथनंच बोलतोयस म्हनून बोललो."

छत्तीस-सदतीस वर्षं एक माणूस जनावरांचं नाव पुढे करत होता आणि आम्ही सगळे खुशाल ते मान्य करत होतो. दोष त्यांचा नाही. कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी आमच्याकडे ऐकण्याची तयारी कुठे होती? युद्धानंतर मनावर राहणाऱ्या अशा जखमेला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आजारांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव दिलं ते 1980 साली. 'वॉचमेन' आलं ते त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. शास्त्राने नाव दिलं आणि या चित्रकथेने त्या नावाला चेहरे दिले. मी मनोविकारावरचा एखादा धडा वाचला असता तर परीक्षेत चार मार्क मिळवले असते. आप्पांना फोन केला नसता.

या पुस्तकातला दुसरा एक प्रसंग प्रत्येक कॅडेटने वाचलाच पाहिजे, असं मला वाटतं. कथेतल्या अमेरिकेकडे डॉ. मॅनहॅटन नावाचा एक माणूस आहे. प्रयोगशाळेतल्या अपघातानंतर त्याला जवळजवळ अमर्याद शक्ती मिळते. त्याच्या बळावर अमेरिका व्हिएतनामचं युद्ध जिंकते. विजयाच्या रात्री सायगावच्या एका बारमध्ये त्याचा साथीदार, ज्याला 'कॉमेडियन' म्हणतात, एका गरोदर व्हिएतनामी स्त्रीला रागाच्या भरात गोळी घालतो. डॉ. मॅनहॅटन तिथेच उभा असतो. ती बंदूक हवेत विरघळवून टाकणं त्याच्या हातचा मळ होता. तो काहीच करत नाही. नंतर दोष देऊ लागतो तेव्हा मारणाराच त्याला सुनावतो की, तू थांबवू शकत होतास आणि थांबवलं नाहीस.

चांदोबातला वेताळ म्हणायचा तेच हे. माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. इथे शकलं होत नाहीत. त्या माणसाचं हळूहळू माणसांवरचं लक्षच उडत जातं आणि एक दिवस तो पृथ्वी सोडून मंगळावर निघून जातो. मला ही शिक्षा डोकं फुटण्यापेक्षा भयंकर वाटते.

हा प्रसंग कल्पित आहे, पण त्याला खऱ्या इतिहासाचा आरसा आहे. 16 मार्च 1968 रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. वरून ह्यू थॉम्पसन नावाचा एक तरुण हेलिकॉप्टर पायलट चालला होता. त्याने खाली काय चाललंय ते पाहिलं आणि आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं. आपल्याच लोकांसमोर उभा राहिला आणि काही जीव वाचवले. त्याला सोल्जर्स मेडल मिळायला 1998 साल उजाडलं. मधली तीस वर्षं त्याला कौतुकापेक्षा शिव्याच जास्त मिळाल्या. त्याच्याकडे कुठलीही दैवी शक्ती नव्हती. ज्याच्याकडे सगळी शक्ती होती तो कथेतला माणूस उभा राहिला आणि ज्याच्याकडे फक्त एक हेलिकॉप्टर आणि दोन साथीदार होते तो खरा माणूस मध्ये उतरला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. लीडरशिपच्या तासाला याहून चांगली चर्चा मला सुचत नाही.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप माझ्या कोर्समेटचाच. तो म्हणतो, "अकरा महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये झोपायला वेळ नाही आणि तू हे वाचायला सांगतोस? वाचायचं तर लढायांचा इतिहास वाच." त्याचं म्हणणं योग्य आहे, पण अर्धं. इतिहास कोणती टेकडी कोणी कधी घेतली ते सांगतो. टेकडी घेणाऱ्याला त्या रात्री झोप लागली का, हे सहसा सांगत नाही. आपल्याला उद्या तीस-चाळीस जवानांची जबाबदारी मिळणार आहे. टेकडीइतकीच त्यांची झोपही आपल्या हिशेबात असली पाहिजे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. असं पुस्तक वाचून नायकांवरचा विश्वास उडणार नाही का? ज्या वयात आदर्श हवेत, त्या वयात आदर्शांची चिरफाड कशाला? यावर मी खूप विचार केला. ज्या ड्रिल स्क्वेअरवर आपण रोज घाम गाळतो त्याला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव आहे. ते 1972 साली इथूनच अधिकारी होऊन बाहेर पडले आणि महार रेजिमेंटमध्ये गेले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. 'वॉचमेन' वाचून परत त्या स्क्वेअरवर उभा राहिलो तेव्हा ते मला लहान वाटले का? मुळीच नाही. पहिल्यांदाच लक्षात आलं की, त्यांना मुखवटा नव्हता. त्यांचं नाव होतं, नंबर होता, वर हुकूम देणारा अधिकारी होता, खाली जबाबदारीची माणसं होती, आणि डोक्यावर देशाचा कायदा होता. पुस्तकातले मुखवटेवाले स्वतःच न्यायाधीश होतात, स्वतःच शिक्षा देतात आणि तिथेच घसरतात. वर्दी आणि मुखवटा यांत फरक हाच. वर्दीवर नावाची पट्टी असते. हा फरक मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा या कॉमिकने नीट समजावला.

हाच फरक आपल्याकडच्या एका नायकातही दिसतो. राज कॉमिक्सचा 'डोगा' हिंदीत नव्वदच्या दशकात आला. त्याचं शहर आपली मुंबई. कचऱ्यात सापडलेलं मूल, डाकूच्या हाती वाढलेलं, पुढे व्यायामशाळेत अद्रकचाचांच्या हाताखाली तयार झालेलं. दिवसा साधा सूरज, रात्री कुत्र्याचा मुखवटा घालून गुन्हेगारांना गोळ्या घालणारा. विदर्भातल्या माझ्या एका मित्राचं अर्धं बालपण त्याच्यावर गेलं. डोगा वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, कारण राग खरा आहे. 'वॉचमेन' वाचताना त्या टाळ्या हातातच थांबतात. दोन्ही वाचावेत. आधी आपला राग ओळखावा, मग त्या रागाच्या हाती बंदूक दिली तर काय होईल याचा विचार करावा.

पालकांसाठी आणि धाकट्या भावंडांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे पुस्तक लहान मुलांचं नाही. त्यात हिंसा आहे, स्त्रीवरच्या अत्याचाराचा प्रसंग आहे, नग्नता आहे. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात ते चित्रं आहेत म्हणून देऊ नका. मोठ्यांनाही ते जड जाऊ शकतं. शेवट तर असा आहे की, लाखो जीव वाचवण्यासाठी लाखो जीव घेणं योग्य का, हा पेच तुमच्या पुढ्यात टाकून लेखक निघून जातो. शेवट मी सांगणार नाही. आमच्या खोलीत त्यावरून दोन गट पडले आणि लाइट्स आऊट झाल्यावरही कुजबुज चालू राहिली. सीनियरने दार वाजवलं, तेव्हाच थांबली.

वाचायचं कसं, तेही थोडं सांगतो. घाईने शब्द वाचून पुढे जाऊ नका. गिबन्स यांनी बहुतेक पानं तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींत आखली आहेत. घड्याळाच्या टिकटिकीसारखी ती लय आहे. पाचव्या भागाची रचना आरशासारखी आहे. पहिलं पान आणि शेवटचं पान एकमेकांची प्रतिबिंबं. नकाशा वाचायला शिकलेल्या माणसाला यात मजा येईल. कारण इथेही खुणा नजरेसमोर असतात, फक्त पाहावं लागतं. आणि एका पात्राकडे खास लक्ष द्या. डॅन नावाचा एक निवृत्त नायक आहे. पोट सुटलंय, पोशाखावर धूळ साचली आहे. तो दर शनिवारी आपल्याआधीच्या म्हाताऱ्या नायकाकडे जातो आणि दोघे जुन्या गोष्टी काढत बसतात. गावाच्या पारावर बसणारे आपले माजी सैनिक मला तिथे दिसले. आपणही एक दिवस त्या पारावर असणार आहोत.

इन्स्ट्रक्टर साहेबांना एक नम्र विनंती. वाचनालयात लढायांच्या पुस्तकांशेजारी या पुस्तकाची एक प्रत असावी, आणि टर्ममधून एकदा तरी त्यावर मोकळी चर्चा व्हावी. अट एकच असावी, त्या तासापुरतं कोणी फुलपाखरू सांगायचं नाही.

मागच्या रविवारी आप्पांना पुस्तकाबद्दल सांगितलं. म्हटलं, "इंग्रजीत आहे आप्पा, नाहीतर दिलं असतं तुम्हाला."

ते म्हणाले, "चितरं हायत न्हवं? मग आन की. तू वाचून दाव."

पासिंग आऊट झाल्यावर घरी जाईन तेव्हा ते माझ्या काळ्या ट्रंकेत असेल. या दिवाळीला गोठ्यात दोघं बसू.

जय हिंद.